सर्व्हिसिंग झाले आणि गाडी बिघडली!

आठ दिवस गॅरेजमध्ये राहून गाडी परत आली, ती दिसण्याआधी ऐकू आली. नेहमीचा एका लयीतला घरघरता आवाज नव्हता. तीन ठोके आणि एक गचका, पुन्हा तीन ठोके आणि एक गचका. एखाद्या लंगडणाऱ्या माणसाची पावले जिन्यात ओळखू यावीत, तशी ती कोपऱ्यावरच ओळखू आली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून गृहिणीने खाली वाकून विचारले, "अहो, नेताना तर गुपचूप गेली होती. आता ही अशी का खोकतेय?"

अहो काय सांगणार! खिशात बिल होते. त्यावर नवे प्लग, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, इंजिन ऑईल, कार्बोरेटरची सफाई, टॅपेटची जुळणी असे सारे काही होते. आणि एवढे करून गाडी गेली होती त्याहून वाईट होऊन आली होती.

हा प्रसंग कुणा एका घरातला नाही. जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्या प्रत्येक घरात तो थोड्याफार फरकाने केव्हातरी घडतोच. पण डोळ्यांपुढे चित्र उभे राहावे म्हणून तो दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये घडला असे समजू. समजायला हरकतही नाही. रामकृष्ण पुरम ही दक्षिण दिल्लीतली केंद्र सरकारी नोकरांची मोठी वसाहत. एका टेकडीवर तमिळ मंडळींचे मलाई मंदिर, दुसऱ्या सेक्टरमध्ये दिल्ली तमिळ संगम, आणि चाळवजा सरकारी इमारतींमधून देशाच्या सगळ्या प्रांतांतली माणसे. मराठीही त्यात आलीच. या वसाहतीत वर्षानुवर्षे दिसणारी गाडी म्हणजे अँबॅसडर. साहेबांना न्यायला येणारी पांढरी सरकारी अँबॅसडर सगळ्यांच्या ओळखीची, आणि एखाद्याने पोटाला चिमटा घेऊन स्वतःसाठी घेतलेली अँबॅसडर त्याहून कौतुकाची.

आपल्या या कल्पित घरातले आजोबा असेच नोकरीच्या निमित्ताने दिल्लीला आलेले. गाडी त्यांनी 1972 साली घेतली. पुढे मुलगाही केंद्र सरकारच्या नोकरीत लागला, त्यालाही क्वार्टर आर. के. पुरममध्येच मिळाले, आणि गाडी कडुनिंबाखालच्या आपल्या जागेवर राहिली. आता ती पन्नाशी ओलांडलेली आहे.

पन्नाशीला महत्त्व आहे. दिल्लीत पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2014 साली बंदी घातली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर या प्रश्नावर न्यायालयात आणि सरकारदरबारी बरीच उलटसुलट झाली. पण पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला वेगळी वाट आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने अशा गाड्यांसाठी नियम केले. वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र ती रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढायची.

म्हणजे वर्षातले मोजके दिवस. आणि त्यातला मानाचा दिवस म्हणजे रॅलीचा. 'स्टेट्समन' या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली दिल्लीत 1964 साली सुरू झाली. आर. के. पुरमपासून जवळच, चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जॉन मॉरिस कंपनीचा 1914 सालचा आगीचा बंब आहे. एके काळी निजामाच्या रेल्वेच्या सेवेत असलेला हा बंबही या रॅलीत उतरलेला आहे. शंभरी गाठलेला बंब धावतो, तर पन्नाशीतल्या अँबॅसडरने का लंगडावे?

"इंजन खोलना पड़ेगा"

गॅरेजला फोन केल्यावर मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडले, कान लावला, स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला, आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "साहब, गाड़ी पुरानी है. इंजन खोलना पड़ेगा."

जुन्या गाडीच्या मालकाला याहून भयंकर वाक्य नाही. इंजिन खोलायचे म्हणजे हेड उतरवायचे, पॅकिंग नवे आणायचे, व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे. त्या ओघात "हे पण बदलून टाकू" म्हणत आणखी चार वस्तू बदलल्या जातात. पैसे तर जातातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे मूळचे भाग हातचे जातात. अँबॅसडरचे उत्पादन कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात 2014 साली बंद झाले. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी केली तर अजूनही भाग मिळतात, नाही असे नाही. पण डबीवर जुन्या कंपनीचे नाव असले तरी आतला माल त्या कंपनीचा असेलच असे नाही.

यात मिस्त्रीला खलनायक ठरवायचे कारण नाही. आजच्या गाडीला संगणक असतो, त्याला यंत्र जोडले की दोष कोणता ते पडद्यावर दिसते. कार्बोरेटर आणि पॉइंटच्या गाड्या हाताखाली गेलेले मिस्त्री आता म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी ही इंजिने क्वचितच पाहिलेली असतात. मुंबईत तर पद्मिनी टॅक्सीच ऑक्टोबर 2023 मध्ये कायमच्या निवृत्त झाल्या. रोज शेकडो पद्मिनींची नाडी पाहणारे हात त्यांच्याबरोबरच रिकामे झाले.

या घरात मात्र आजोबा होते. बाल्कनीतल्या खुर्चीत बसून त्यांनी सगळे ऐकले आणि मुलाला एवढेच विचारले, "सर्व्हिसिंगला दिली तेव्हा असा आवाज होता का रे?"

"नाही बाबा."

"मग इंजिन आठ दिवसांत म्हातारं झालं होय? त्यानं हात कुठे कुठे लावला, तेवढं बघ आधी."

शंभर रुपयांचे शहाणपण आहे ते याच एका वाक्यात. धडधाकट गेलेली गाडी बिघडून आली, तर बिघाड बहुधा जिथे हात लागला तिथेच असतो. इंजिनाची झीज हळूहळू होते, ती गॅरेजच्या आठ दिवसांची वाट पाहत नाही. म्हणून तपासाचा पहिला कागद म्हणजे मेकॅनिकचे बिल. त्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ संशयित. आणि दुसरे पथ्य असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालू करून ऐकायचे, मग पुढची. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही. बिघडली, तर प्रश्नच मिटला!

ठिणगीचा प्रवास

तपास करण्यापूर्वी इंजिनात चालते काय, ते थोडे समजून घ्यावे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. गाडी जागेवर उभी राहून मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर मिनिटाला सोळाशे ठिणग्या पडतात. रस्त्यावर तीन हजार फेऱ्यांना सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर. यातली प्रत्येक ठिणगी ठरल्या क्षणी, ठरल्या सिलिंडरमध्ये पडावी लागते.

बॅटरीच्या बारा व्होल्टमधून ही ठिणगी निघत नाही. कॉइलमध्ये तो प्रवाह साठतो. दोन छोट्या धातूच्या टिकल्या, म्हणजेच पॉइंट, उघडले की प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उसळतात. तिथून रोटर आणि कॅपमधून ते एकेका प्लगला वाटले जातात. कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी उडू देत नाही आणि प्रवाह झटक्यात तोडायला मदत करतो. ही युक्ती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने 1910 च्या सुमारास प्रचारात आणली. त्याच्या कंपनीचे नाव होते डेल्को. आजही आपल्याकडचा मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतो, त्याचे मूळ हे. त्याला केटरिंग ठाऊक नसतो, पण तो नाव त्याचेच घेत असतो.

दुसरी गरज पेट्रोल आणि हवा यांच्या योग्य मिश्रणाची, आणि तिसरी ते मिश्रण सिलिंडरमध्ये नीट दाबले जाण्याची. ठिणगी, मिश्रण, दाब. गचका आला तर तिघांपैकी कुणीतरी दगा देत असतो. सर्व्हिसिंगमध्ये तिघांनाही हात लागलेला असतो, हीच तर पंचाईत!

कोणता सिलिंडर रुसला?

आपल्या घरातला तपास संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर सुरू झाला. अभियांत्रिकीला असलेली नात टॉर्च धरायला आली आणि अर्ध्या तासात तिनेच सूत्रे हाती घेतली. (आजीने वरून दोनदा बजावले, "ओढणी आवर गं, पंखा फिरतोय!" ही सूचना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चालत्या इंजिनाजवळ ओढणी, पदर, सैल बाही नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जागा मोकळ्या हवेची हवी.)

गचका एका ठरावीक लयीत येत होता. हा पहिला धागा. सगळेच सिलिंडर कधीही, कसेही चुकत असतील, तर दोष चौघांना सामाईक असलेल्या गोष्टींत शोधावा. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, कार्बोरेटर या त्या गोष्टी. पण तीन ठोके नीट आणि चौथा गायब, असे ठरल्यासारखे होत असेल, तर एकच सिलिंडर रुसलेला असतो.

मुलीने एक साधा कागद घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. कागद फडफडत बाहेर उडायला हवा. तो उडत होता, पण मध्येच क्षणभर नळीकडे ओढला जात होता. बाहेर टाकण्याच्या वाटेवर मध्येच आत ओढले जाते आहे, ही खूण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्याची असू शकते. पण असू शकते एवढेच. नुसत्या कागदावरून इंजिन खोलत नाहीत.

मग इंजिन चालू ठेवून, रबरी हातमोजा घालून आणि इन्सुलेटेड पक्कड घेऊन तिने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. (हे काम घाईचे नाही. झटका जोराचा बसतो. हृदयाला पेसमेकर असलेल्याने तर तिथे उभेही राहू नये.) पहिली वायर काढताच इंजिन आणखी अडखळले. याचा अर्थ तो सिलिंडर काम करत होता. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरी काढली तेव्हा आवाजात काडीचाही फरक पडला नाही. रुसलेला सिलिंडर सापडला.

इथवर येऊनही घाई नको. वायरींचा क्रम चुकला की काय, हे आधी पाहायचे. अँबॅसडरच्या 1489 सी.सी. इंजिनात आणि पद्मिनीच्या 1089 सी.सी. इंजिनातही ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा आहे. कॅप काढून रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते पाहावे आणि त्याच दिशेने हा क्रम मोजावा. सर्व्हिसिंगमध्ये चारही वायरी एकदम उपटल्या, की दोघींची अदलाबदल हमखास होते. तसे झाले तर एक नव्हे, दोन सिलिंडर गप्प होतात आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. इथे क्रम बरोबर होता.

मग अदलाबदलीचा खेळ. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोष प्लगबरोबर सरकला असता, तर नवाकोरा प्लगच खराब ठरला असता. तसे होते. प्लग हातातून फरशीवर पडला तर आतल्या चिनी मातीला केसाएवढी चीर जाते, बाहेरून दिसत नाही. नव्या प्लगची फटही डबीतून काढल्यावर मोजून घ्यावी लागते. या इंजिनाला 0.025 इंच. पण दोष सरकला नाही, तिसऱ्यातच राहिला. मग वायर बदलली, तरी तिसऱ्यातच. बॉनेट अंधारात उघडून पाहिले. कॅपवर किंवा वायरींवर कुठे निळसर ठिणग्या पळत असत्या, तर करंट वाटेत गळतो आहे असे समजले असते. दिल्लीच्या धुक्यात ओलसर कॅपमुळे हे नेहमी होते. तेही नव्हते.

एवढ्यात रात्रीचे नऊ वाजले आणि वरून जेवायची हाक आली. प्लग टिश्यूत गुंडाळून वर नेले गेले. जेवणाच्या टेबलावर प्लग ठेवल्याबद्दल आजी रागावली, आणि ते बरोबरच होते. पण त्या प्लगांनी बरेच सांगितले. तीन प्लगांची टोके फिकट तपकिरी, म्हणजे मिश्रण ठीक. तिसऱ्या सिलिंडरमधला मात्र ओला, पेट्रोलचा वास मारणारा. कोरडी काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जाते आहे असे म्हटले असते. पांढरा, भाजल्यासारखा असता तर हवा जास्त आहे किंवा इंजिन तापते आहे असे म्हटले असते. ओला म्हणजे पेट्रोल येते, पण जळत नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, म्हणजे उरतो तो दाब.

गप्प बसलेला टॅपेट

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मिस्त्रीचे एक वाक्य आठवून सांगितले. गाडी परत देताना तो अभिमानाने म्हणाला होता, "टॅपेट देखिए बाबूजी, एकदम चुप!"

जुन्या इंजिनाचे टॅपेट एकदम चुप असणे ही आनंदाची बातमी नाही. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. या इंजिनाची फट 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर, इंजिन गरम असताना. फट जास्त असेल तर टकटक आवाज येतो, जिवाला फारसे लागत नाही. फट नसेलच, तर आवाज मुळीच येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाब निसटतो. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवरून जळता वायू सतत सुटत राहिला, तर काही दिवसांत ती कड जळते. मग खरेच इंजिन खोलावे लागते. बोलणारा टॅपेट परवडला, गप्प टॅपेट घात करतो.

टॅपेट तपासण्याची पद्धत जुनी आणि गंमतशीर आहे. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. त्यांना पुढून मागे 1 ते 8 क्रमांक द्यायचे. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, की नऊमधून त्याचा क्रमांक वजा करायचा. जो आकडा येईल तो व्हॉल्व्ह तपासायचा. आठवा उघडला की पहिला, सातवा उघडला की दुसरा. नातीने व्हॉल्व्ह कव्हर काढले, सगळे प्लग काढून ठेवले म्हणजे इंजिन हाताने फिरवायला हलके जाते, आणि वडिलांना पान्याने क्रँक फिरवायला लावले. चौथा व्हॉल्व्ह पूर्ण दबला, तेव्हा पाचव्याची पाळी आली. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तोच. फीलर गेजचे 0.015 चे पाते तिथे शिरेना. 0.010 चे शिरेना. 0.005 चेसुद्धा नाही.

असे कसे झाले? मिस्त्रीने फट मोजली नसेल असे नाही. पण टॅपेटच्या स्क्रूवर एक लॉकनट असतो. फट बरोबर ठेवून तो नट आवळताना स्क्रू पेचकसाने घट्ट धरला नाही, तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि फट मिटते. म्हणून नट आवळल्यावर पाते पुन्हा घालून पाहायचे असते. तेवढे राहून गेले. आठपैकी एका ठिकाणी.

इंजिन गरम करून फट ठेवली, नट आवळला, पुन्हा मोजली. उरलेले सातही तपासले. कव्हर बसवताना त्याचे कॉर्कचे पॅकिंग जाग्यावर आहे ना ते पाहिले, नाहीतर तेल गळून वेगळाच उद्योग. प्लग, वायरी, किल्ली.

पहिले काही फेरे खोकत गेले. मग इंजिन एका लयीत लागले.

प्रत्येकाचा चोर वेगळा

प्रत्येक गाडीत चोर टॅपेटच निघेल असे नाही. निम्म्याहून अधिक वेळा तो 'डेल्को'त सापडतो, असे कुणीही अनुभवी मिस्त्री सांगेल. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो, तो पुसला नाही तर करंट धड जात नाही. पॉइंटची फट या गाडीला 0.014 ते 0.016 इंच. ती बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, उलटे नाही. नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजते, फट कमी होते. सर्व्हिसिंगनंतर महिनाभर छान चाललेली गाडी मग एकाएकी जड पडते, त्याचे हे एक साधे कारण आहे. डेल्कोच्या आतल्या कॅमला ग्रीसचे बोट लावले तर टाच अधिक टिकते.

नवा कंडेन्सर हा तर आजकालचा सर्वांत मोठा ठग. बाजारात मिळणारे कित्येक कंडेन्सर गरम होताच मान टाकतात. गाडी सकाळी ठीक निघते, वीस मिनिटांनी गचके द्यायला लागते, थंड झाली की पुन्हा शहाणी होते. अशा वेळी जुना कंडेन्सर परत लावून पाहावा. त्यासाठी तो टाकून दिलेला नसावा! सर्व्हिसिंगला गाडी देताना "काढलेला प्रत्येक भाग मला परत द्या" असे सांगण्याची सवय ठेवली, तर पुढचे अर्धे हाल टळतात.

कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन चालते, म्हणूनच हा दोष लपून राहतो. ठिणगी कमजोर होते आणि चढावर, जोर लागला की गाडी मिसिंग करते. टायमिंग करताना डेल्कोची बारीक व्हॅक्यूम नळी काढतात, ती परत लावायची राहते. कार्बोरेटर उतरवून साफ केला आणि खालचे जुनेच पॅकिंग बसवले, तर तिथून इंजिन फुकटची हवा ओढते. जागेवर उभी असताना गाडी थरथरते, वेगात बरी चालते. कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात थोडासा आडवा धरून पाहावे. त्याने इंजिन सुधारले, तर हवा कुठूनतरी जास्त येते आहे, किंवा पेट्रोल कमी पडते आहे. शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणारे महाभाग असतात. तसले काही करू नये.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे, तर एक नवी भानगडही सांगायला हवी. 2025 पासून देशभरातल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. 1972 च्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पॅकिंगे त्यासाठी केलेली नाहीत, ती फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत हे पाणी तळाला बसते. टाकीतला वर्षांनुवर्षांचा राळासारखा थर सुटतो आणि जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने पूर्वीच्या मापाने जुळवलेल्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ पडते. जुना मिस्त्री जुन्या सवयीने स्क्रू लावतो आणि गाडी खोकते, तेव्हा चूक त्याची नसते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, एक चांगला फिल्टर, आणि गाडी उभी करून ठेवण्यापूर्वी टाकीतले पेट्रोल संपवणे, एवढे तरी करावे.

आणि हे सगळे करूनही एका सिलिंडरचा दाब कमीच भरला, फट बरोबर असूनही कागद नळीकडे ओढला जात राहिला, तर मात्र व्हॉल्व्ह जळला आहे असे समजून हेड उतरवायला द्यावे. तेव्हा मिस्त्रीचे वाक्य खरे असते.

आर. के. पुरममध्ये रॅलीच्या आदल्या दिवशी मिस्त्री स्वतःहून आला. नातीने त्याला कव्हर उघडून पाचवा टॅपेट दाखवला, लॉकनट आवळताना स्क्रू कसा फिरतो तेही दाखवले. तो ओशाळला, पण रागावला नाही. त्याने खिशातून त्या सर्व्हिसिंगच्या बिलाची कार्बन कॉपी काढली, सायलेन्सरच्या मागे उकिडवा बसला आणि ती नळीच्या तोंडाशी धरली. कागद एकसारखा बाहेर फडफडत राहिला. मिनिटभर त्याने तो तसाच धरला. मग वर बाल्कनीकडे पाहून म्हणाला, "बाबूजी, अब ठीक है. चाय पिलाइए."